फक्त नंबर आणि वेळ

दर तीन महिन्यांनी ऑफिसात एक मेल येते. खालीलपैकी कोणकोणत्या सिस्टीम्सचा ॲक्सेस तुम्हाला अजून लागतो ते कळवा. सोबत एक लांबलचक यादी आणि प्रत्येक ओळीपुढे हो किंवा नाही. मी (आणि माझ्या माहितीतला प्रत्येक सज्जन माणूस) डोळे मिटून सगळीकडे 'हो' ठोकतो आणि चहाला जातो. न जाणो, कधी लागला तर? एकदा गेलेला ॲक्सेस परत मिळवायचा म्हणजे दोन फॉर्म, तीन अप्रूव्हल आणि एक आठवडा. त्यापेक्षा असू दे आपला.

या वेळी मात्र ती मेल उघडी ठेवून मी बराच वेळ नुसताच बसलो. त्याचं कारण असं की गेला महिनाभर शनिवार-रविवारी मी अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीबद्दल, म्हणजे एनएसएबद्दल, हाताला लागेल ते वाचतोय. स्नोडेनचं प्रकरण गाजलं तेव्हा, २०१३ मध्ये, मी बारावीच्या क्लासच्या धबडग्यात होतो. त्यामुळे तेव्हा कळलं ते एवढंच, की अमेरिका सगळ्यांचं सगळं ऐकते. आता सावकाश वाचताना लक्षात आलं की गोष्ट त्याहून बरीच साधी आहे, आणि साधी आहे म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारी.

ही एजन्सी जन्मली तीच गुपचूप. अध्यक्ष ट्रुमन यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये एका गुप्त टिपणावर सही केली आणि ४ नोव्हेंबरला कारभार सुरू झाला. त्याच दिवशी तिकडे अध्यक्षपदाची निवडणूक होती, सगळा देश आयझेनहॉवर जिंकतात का ते बघत होता! संसदेत चर्चा नाही, कायदा नाही, पेपरात दोन ओळी नाहीत. पुढे कितीतरी वर्षं सरकार तिचं नावही घेत नसे, म्हणून एनएसए म्हणजे 'अशी एजन्सीच नाही' असा विनोद वॉशिंग्टनमध्ये रूढ झाला. आज मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला तिचं अवाढव्य मुख्यालय आहे.

पण मला अडकवून ठेवलं ते एजन्सीपेक्षाही जुन्या एका प्रकाराने. त्याचं नाव 'शॅमरॉक'. ऑगस्ट १९४५. महायुद्ध संपलेलं, आणि युद्धामुळे मिळालेला तारा तपासायचा अधिकारही संपत आलेला. तेव्हा लष्कराचे अधिकारी परदेशी तारा पाठवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला तारा बघू द्या. कंपन्यांच्या वकिलांनी सांगितलं, हे बेकायदेशीर आहे. कंपन्या म्हणाल्या, बरं, पण उद्या आमच्यावर खटला झाला तर? मग १९४७ साली खुद्द संरक्षणमंत्र्यांनी शब्द दिला की काळजी करू नका. १९४९ मध्ये नव्या संरक्षणमंत्र्यांनी तो पुन्हा एकदा दिला. त्यानंतर कोणी विचारलंच नाही.

कोणी विचारलंच नाही आणि काम १९७५ पर्यंत चालू राहिलं! तीस वर्षं. आधी तारांचे कागद, मग छिद्रं पाडलेल्या पट्ट्या, मग साठच्या दशकात मॅग्नेटिक टेप. रोज एक माणूस न्यूयॉर्कहून टेप घेऊन फोर्ट मीडला जायचा, तिथे कॉपी व्हायची, आणि त्याच दिवशी टेप परत. पुढे ही ये-जा जड होऊ लागली तेव्हा सीआयएच्या मदतीने न्यूयॉर्कमध्येच जागा घेतली आणि कॉपीचं काम तिथे हलवलं. म्हणजे चक्क ऑफिस शिफ्टिंग. शेवटी शेवटी महिन्याला सुमारे दीड लाख तारा एजन्सीचे लोक वाचत होते. ना कोणता लेखी करार, ना कोणते पैसे. देशभक्तीचं काम म्हणून.

मी त्या टेप नेणाऱ्या माणसाचा सारखा विचार करतोय. त्याला काय वाटत असेल? मला वाटतं, काहीच नाही. त्याला ट्रॅफिक वाटत असेल. टेप वेळेत परत गेली नाही तर साहेब ओरडेल, असं वाटत असेल. आपण नाही का, डेटा इकडून तिकडे टाकणारा जॉब रात्री फेल झाला की फक्त तो जॉब परत चालू करतो? त्यात कोणाचं काय आहे हे कधी बघितलंय?

त्याच सुमाराला 'मिनरेट' नावाचा दुसरा उद्योग चालू होता. एफबीआय, सीआयए वगैरे मंडळींनी नावं द्यायची, आणि ती नावं आलेल्या तारा नि फोन एजन्सीने बाजूला काढून द्यायचे. १९६७ ते १९७३ या काळात सुमारे १,६५० अमेरिकन नागरिक त्या यादीत होते. यादीतली काही नावं २०१३ मध्ये खुली झाली: मार्टिन ल्यूथर किंग, मुहम्मद अली, विनोदी सदरं लिहिणारे आर्ट बुकवाल्ड... आणि सिनेटर फ्रँक चर्च. हे चर्च म्हणजे तेच, ज्यांच्या समितीने १९७५ साली हा सगळा कारभार चव्हाट्यावर आणला. ज्याने चौकशी केली तो स्वतः यादीत होता आणि त्याला ते आयुष्यभर कळलं नाही. चर्च १९८४ मध्येच गेले.

चर्च समितीनंतर १९७८ मध्ये कायदा झाला, त्यासाठी एक गुप्त न्यायालय बसवलं, आणि देशातल्या माणसावर हेरगिरीसाठी पाळत ठेवायची तर त्या न्यायालयाची परवानगी घ्यायची असं ठरलं. मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला आणि महिन्याभरात अध्यक्ष बुश यांनी ते न्यायालय बाजूला ठेवून पाळतीला सही दिली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एटीअँडटीच्या इमारतीत ६४१ए नावाची एक खोली तयार झाली. इंटरनेटची फायबर केबल आधी एका स्प्लिटरमधून जायची आणि तिची एक प्रत त्या खोलीत. ही बातमी २००६ मध्ये फोडली ती मार्क क्लाइन या तिथल्याच निवृत्त टेक्निशियनने. वायरिंगचे नकाशे त्याच्या हाताखालून गेले होते. तारा कुठे जातात ते त्याने बघितलं आणि त्याला काय ते कळलं. कंपन्यांवर खटले पडले, तर २००८ मध्ये संसदेने त्यांना पूर्वलक्षी माफी देऊन टाकली. १९४७ साली मंत्र्याचा शब्द होता, या वेळी रीतसर कायदा.

इथे आपल्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नव्वदीच्या शेवटी एजन्सीतल्याच बिल बिनी वगैरे जुन्या गणितज्ञांच्या छोट्या टीमने 'थिनथ्रेड' नावाची एक सिस्टीम बनवली होती. कोण कोणाशी बोलतं याचं जाळं ती शोधायची, पण अमेरिकन लोकांची ओळख एन्क्रिप्ट करून ठेवायची आणि कोणी काय शोधलं याची नोंद आपोआप करायची. चालणारा प्रोटोटाइप होता. व्यवस्थापनाने काय केलं असेल? बरोब्बर! तो बाजूला सारला आणि बाहेरच्या मोठ्या व्हेंडरला 'ट्रेलब्लेझर' नावाचं महाकाय प्रोजेक्ट दिलं. त्यात शेकडो कोटी डॉलर्स ओतले आणि काही वर्षांनी ते गुंडाळलं. हे वाचताना मला आमच्या मागच्या क्लायंटची इतकी आठवण झाली की मी उठून पाणी प्यायलो.

असो. आता २०१३. एडवर्ड स्नोडेन तेव्हा २९ वर्षांचा होता, म्हणजे साधारण माझ्या आजच्या वयाचा. हवाईमध्ये कॉन्ट्रॅक्टरच्या पगारावर. त्याआधी बरीच वर्षं सिस्टीम ॲडमिनचंच काम. (२०१० मध्ये तो दिल्लीत एका ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये जावा आणि एथिकल हॅकिंगचा आठवडाभराचा कोर्स करून गेला होता. शेजारी बसलेल्याला कल्पना तरी आली असेल का?) त्याच्या कागदांतून भारतासाठीचा आकडाही बाहेर आला: एकट्या मार्च २०१३ मध्ये आपल्याकडच्या नेटवर्कमधून ६३० कोटी नोंदी. ते बेकायदेशीरही नव्हतं. अमेरिकेचा कायदा अमेरिकेतल्या माणसाला जपतो, आणि परदेशातल्या परक्या माणसावर पाळत ठेवायला त्यांना प्रत्येकासाठी वेगळं वॉरंट लागत नाही. तुम्ही-आम्ही परके.

पण त्याच्या कागदांमधलं सगळ्यात पहिलं जे छापून आलं, ते एक कोर्टाचं फर्मान होतं. ५ जून २०१३. व्हेरायझन कंपनीने रोजच्या रोज, सगळ्या ग्राहकांचे 'कॉल डीटेल रेकॉर्ड' एजन्सीला द्यावेत.

कॉल डीटेल रेकॉर्ड. सीडीआर! हा शब्द त्या फर्मानात वाचला आणि मी सरळ होऊन बसलो. कारण माझी पहिली नोकरी म्हणजे दोन वर्षं सीडीआर, सीडीआर आणि सीडीआर. एका टेलिकॉम कंपनीच्या बिलिंगचा सपोर्ट. तुम्ही फोन ठेवलात की तिकडे एक ओळ तयार होते. कोणी केला, कोणाला केला, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या हँडसेटवरून. आमच्याकडे टॉवरही असायचा. तुम्ही काय बोललात ते त्यात नसतं. या ओळींचं बिल बनतं.

अध्यक्ष ओबामांनी दोनच दिवसांत लोकांना धीर दिला की तुमचे फोन कोणी ऐकत नाहीये. ते खरंच होतं. त्या कार्यक्रमात नव्हतेच ऐकत. फक्त ओळी गोळा करत होते आणि पाच वर्षं ठेवत होते. आता एक संशयित नंबर घ्या. तो ज्यांच्याशी बोलला ते, ते ज्यांच्याशी बोलले ते, आणि ते पुन्हा ज्यांच्याशी बोलले ते, अशा तीन उड्यांना परवानगी होती. प्रत्येक जण शंभर माणसांशी बोलतो असं धरलं तर १०० गुणिले १०० गुणिले १००, झाले दहा लाख. २०१२ मध्ये अशा सुरुवातीच्या नंबरांची संख्या तीनशेच्या आतच होती म्हणून सरकार मोठ्या अभिमानाने सांगत होतं. गुणाकार कोणी करून दाखवला नाही. पुढे जानेवारी २०१४ मध्ये सरकारच्याच देखरेख मंडळाने लिहून दिलं की देशावरच्या धोक्याच्या एकाही तपासात या साठ्यामुळे निकालात ठोस फरक पडल्याचं दिसत नाही. २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो बेकायदेशीर ठरवला, आणि त्याच वर्षी घाऊक गोळा करणं थांबलं.

आमच्या आजोळी पोस्टमन पत्र न फोडता गावाची खबर ठेवायचा. मुंबईची मनीऑर्डर यायची थांबली की मुलाची नोकरी गेली. लांबच्या गावाहून दोन जाडजूड पाकिटं लागोपाठ आली की मुलीचं लग्न ठरतंय. आत काय लिहिलंय याची त्याला गरजच नव्हती. फरक एवढाच की तो गावातला होता, त्यालाही सगळे ओळखत होते.

सप्टेंबर २०१३ मध्ये एजन्सीच्या इन्स्पेक्टर जनरलने एका सिनेटरला पत्र लिहून गैरवापराची प्रकरणं कळवली. २००३ पासून जाणूनबुजून केलेली अशी डझनभर. मी अतिरेकी, राजकारणी, परराष्ट्र धोरण असलं काहीतरी अपेक्षित धरून वाचायला घेतलं. आणि निघालं काय? एका बाईला नवऱ्याच्या मोबाइलमध्ये एक परदेशी नंबर सापडला, तिला संशय आला, तिने तो नंबर पाळतीवर टाकला. एका लष्करी कर्मचाऱ्याला २००५ मध्ये सिस्टीमचा ॲक्सेस मिळाला, आणि पहिल्याच दिवशी त्याने जुन्या मैत्रिणीचे सहा ईमेल पत्ते शोधले. चौकशीत म्हणाला, मी सराव करत होतो. तो चार दिवसांनी ऑडिटमध्ये सापडला. ती बाई मात्र स्वतःहून सांगायला गेली म्हणून कळलं. तिथल्या लोकांमध्ये या प्रकाराला गमतीचं नावही होतं: 'लव्हइंट'.

मला हसू आलं नाही.

नाइट शिफ्ट होती. रात्री दोनच्या पुढे. बिल चुकल्याची एका ग्राहकाची तक्रार होती, मी त्याचा नंबर टाकून ओळी काढल्या, हिशोब बरोबर होता, तिकीट बंद करायचं बाकी होतं. शोधायच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. आणि मी तिथे तिचा नंबर टाकला. पाठ होता. इंजिनीअरिंगची चार वर्षं मी तिच्यावर... जाऊ दे, तुम्हाला कळलं असेल. शेवटच्या सेमिस्टरला विचारलं होतं, ती नाही म्हणाली होती, नीट, समजावून. त्याला वर्ष झालं होतं.

सिस्टीमने तिकीट नंबर विचारला. त्याशिवाय पुढे जाता येत नसे, तीच काय ती सुरक्षा. मी त्या ग्राहकाच्या तक्रारीचा नंबर दिला. चार-पाच सेकंद लागले.

महिन्याभराच्या ओळी आल्या. बहुतेक घरचे, ऑफिसचे. पण रोज रात्री सव्वाअकराच्या आसपास एक नंबर, कधी चाळीस मिनिटं, कधी तासभर. तो नंबरही मला पाठ होता. हॉस्टेलला चार वर्षं माझ्या शेजारच्या कॉटवर झोपलेल्या मित्राचा. तिने नाही म्हटल्यावर ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडलो होतो, तो.

मग मी त्याचा नंबर टाकला. तेच तिकीट. आदल्या महिन्यातल्या एका रविवारी मी त्याला मॅच बघायला बोलावलं होतं, तेव्हा तो सांगलीला घरी जातोय म्हणाला होता. त्या रविवारी त्याचा टॉवर सिंहगडाच्या पायथ्याचा होता. तिचाही.

एक नंबर, एक उडी. एकही शब्द न ऐकता.

दोन-तीन महिन्यांनी एफसी रोडवर सगळ्या ग्रुपला बोलावून दोघांनी सांगितलं. तो माझ्याकडे बघत होता, घाबरून. मी खुर्चीतून उठलो, "काय सांगतोस!" म्हणून त्याला मिठी मारली. इतकं छान काम मी गॅदरिंगला कधी केलं नव्हतं. लग्नात अंतरपाट धरायला मीच होतो. कोणी कधी विचारलं नाही की एका बिलाच्या तक्रारीसाठी तीन वेगवेगळे नंबर कशाला लागले. नोंद झालीच असणार, अजूनही कुठेतरी असेल. नोंद बघणं हे कोणाचं काम होतं हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. तुमच्या ऑफिसात कोणाचं आहे, माहितीये?

परवा, शुक्रवारी रात्री, त्याला फोन केला. आडवळणं न घेता सांगितलं. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तो बराच वेळ गप्प.

"मेसेज पण वाचलेस?"

"नाही रे. फक्त नंबर आणि वेळ."

म्हटलं आणि माझं मलाच कानाला लागलं. ओबामा काय वेगळं म्हणाले होते?

"आणि टॉवर," मी म्हटलं.

"म्हणजे सिंहगडचं..."

"हो."

पुन्हा शांतता. मग म्हणाला, "हे तिला तू सांगायचंस. मी सांगणार नाही. उद्या ये दुपारी."

काल गेलो. सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एकच विचारलं, "नंतर कधी परत बघितलंस?" नाही म्हटलं. ते खरं आहे, पण तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यालाही मध्येच लागलं, कारण त्याने माझ्याशी खोटं बोललं होतं ते या निमित्ताने टेबलावर आलं. तिघंही आपापल्या जागी अवघडून बसलो. चहा झाला. तो दाराशी आला तेव्हा नेहमीसारखा खाली सोडायला नाही आला.

ॲक्सेसच्या यादीत अकरा ओळी होत्या. सात ठिकाणी 'नाही' लिहून पाठवली. आज रविवार असूनही मॅनेजरचा लगेच रिप्लाय: एवढे सगळे कशाला काढतोयस, रिलीज जवळ आलंय, राहू दे.

हा लेख टाकायच्या आधी तिला वाचायला पाठवला होता. तासाभराने उत्तर आलं. एक वाक्य काढ म्हणाली. काढलं. सिंहगडाचं राहू दे म्हणाली.